एकोणपन्नास ताऱ्यांची बंदूक

मर्ल डनमायरच्या बंदुकीतून आजवर एकही गोळी सुटलेली नाही आणि सुटणारही नाही. त्याची सगळ्यात मोठी बंदूक वीतभर भरते. नळी भरीव, तोंडाशी फक्त दिसण्यापुरतं भोक. पण घोडा मागे ओढलात तर खट् करून बसतो, चाप दाबलात तर पुढे येतो, आणि मेपलच्या दस्त्यावर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, देशाचा झेंडा रंगवलेला असतो. कुठला तरी झेंडा नव्हे. तसली खरी बंदूक ज्या दिवशी एखाद्याच्या खांद्यावर होती, त्या दिवशीचा.

या ‘त्या दिवशीचा’वरून मर्लने जेवढी भांडणं केली, तेवढी बायकोशीही केली नसतील. आमच्या झेंड्यावर प्रत्येक राज्याचा एक तारा. तेरापासून सुरुवात झाली, राज्यं येत गेली, तारे वाढत गेले, पन्नासला येऊन थांबले. असे सत्तावीस झेंडे होऊन गेले. काही पंधरा-वीस वर्षं टिकले, काही जेमतेम एक वर्ष. मर्लला ते सगळे तारखांसकट पाठ. काउंटीच्या जत्रेत एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, “ही दुसऱ्या महायुद्धातली रायफल घेतो, पण हिच्यावर तो स्वातंत्र्ययुद्धातला पिवळा झेंडा काढून द्या. तो वेटोळ्यातला साप आणि खाली ‘माझ्यावर पाय देऊ नका’.”

“ही रायफल कारखान्यातून निघाली तेव्हा तो साप मरून दीडशे वर्षं झाली होती,” मर्ल म्हणाला.

“पण मला साप आवडतो.”

“मग पाळा की एक,” असं म्हणून मर्लने रायफल परत डब्यात ठेवली.

शेजारच्या टपरीवर कागदी झेंडे चिकटवलेल्या बंदुका ढिगाने विकल्या जात होत्या. मर्ल तिथे गेला, खिशातलं भिंग काढलं, तारे मोजले आणि मालकाला विचारलं, “तुमची चार राज्यं कुठे गेली हो?” त्या जत्रेत त्याची एकही बंदूक खपली नाही. घरी आला तो मात्र एकदम खुशीत.

मी ट्रूडी शूप. डॅरो रन खोऱ्यातल्या माजी सैनिकांच्या हॉलची सचिव. नौदलात चार वर्षं टाइपरायटर बडवला आणि तेवीस वर्षं या हॉलचे कागद सांभाळतेय. शुक्रवारच्या तळलेल्या माशांपासून शरद ऋतूतल्या बंदुकांच्या सोडतीपर्यंत इथलं पानही माझ्या सहीशिवाय हलत नाही. माणसांचं कौतुक करणं हा माझा धंदा नव्हे. मर्लचं करणार आहे, कारण ते केल्याशिवाय मला माझीच एक चूक नीट सांगता येणार नाही.

मर्लने अडतीस वर्षं काचेच्या बाटल्यांचे साचे बनवण्याच्या कारखान्यात लेथवर काढली. कारखाना बंद पडला, लेथ भंगारात निघाले, त्यातला सगळ्यात लहान मर्लने घरी आणून तळघरात बसवला. लोखंडाचं काम तळघरात आणि रंगाचं वर स्वयंपाकघरात, उत्तरेच्या खिडकीशी. डोक्याला भिंगाचा पट्टा, हातात कपड्याच्या चिमट्यात खोवलेली शिवणाची सुई. आधी खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका टेकवायचा आणि तो ओला आहे तोवर सुईने पाच दिशांना ओढून त्याचा तारा करायचा. प्रत्येक ताऱ्याला तो त्या राज्याचं नाव घेतो, आणि तेही राज्यं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने. डेलावेअर. पेन्सिल्व्हेनिया. न्यू जर्सी. मध्येच कोणी दार वाजवलं तर उघडत नाही. एकदा मी पावसात दहा मिनिटं उभी होते आणि आत तो शांतपणे “मिसूरी” म्हणत होता.

आणखी एक अट होती त्याची. बिनमाणसाची बंदूक बनवायची नाही. गिऱ्हाइकाने आधी सांगायचं, ही कोणाची? आजोबांची, मामाची, शेजाऱ्याची, कोणाचीही चालेल, पण कोणाची तरी हवी. “नुसती भिंतीवर टांगायला हवीय” म्हणणाऱ्याला तो जत्रेतल्या त्या टपरीचा पत्ता द्यायचा.

आता जेराल्डीन योदर्स. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने खोऱ्यातल्या तीन पिढ्यांना कोबी-नूडल्स वाढले. लग्न केलं नाही. तिचा थोरला भाऊ रसेल सैन्यात ट्रक चालवायचा. जानेवारी एकोणीसशे साठमध्ये, जर्मनीत, हिवाळी कवायतीच्या वेळी बर्फावर ट्रक घसरून उलटला आणि रसेल गेला. विसाव्या वर्षी. तेव्हा युद्ध नव्हतं. म्हणून हॉलसमोरच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही.

दगडापेक्षाही तिला लागलेली गोष्ट वेगळी होती. मेच्या शेवटच्या सोमवारी, स्मरणदिनाला, हॉलपुढच्या मेपलखाली खुर्च्या मांडतात आणि खोऱ्यातल्या गेलेल्या सैनिकांची नावं वाचली जातात. एकेक नाव घेतलं की त्याच्या घरचं कोणीतरी उभं राहतं. नावं वाचायचं काम माझं. जेराल्डीन दरवर्षी तिसऱ्या रांगेत येऊन बसायची, शेवटच्या नावापर्यंत ऐकायची, तोंडातून ब्र न काढता घरी जायची. मी फाइल मिटताना तिच्याकडे बघायचं टाळायची.

निवृत्त झाल्यावर तिने अर्ज करायला सुरुवात केली. दर मार्चला एक, पेनने लिहिलेला, एकाच मजकुराचा. माझ्या भावाचं नाव यादीत घ्यावं. अकरा वर्षांत अकरा अर्ज. अध्यक्ष बॉयड काइस्टर प्रत्येक वेळी तेच सांगायचा.

“नियम लढाईत गेलेल्यांसाठी आहे. आज ट्रक घेतला तर उद्या कोणी न्हाणीघरात पाय घसरलेला आणेल.”

मग हात वर व्हायचे. नकार. माझाही हात वर असायचा. नियम तो नियम, असं मी स्वतःला सांगायची, आणि खरं सांगायचं तर बॉयडशी वाद घालायचा मला कंटाळा होता. अकराव्या वेळी जेराल्डीन दाराशीच उभी होती. नकार ऐकल्यावर कोट घालता घालता एवढंच म्हणाली, “मी गेल्यावर त्याचं नाव घेणारं कोणी उरायचं नाही. तेव्हा तुमचा नियम अगदी स्वच्छ राहील.” त्यानंतर तिने अर्ज केला नाही.

त्या दिवशी तिच्या बाजूने एकच हात वर होता, मर्लचा. तो काही बोलला नाही. बोलण्यात तो कच्चाच आहे.

महिन्याभराने मर्लने समितीपुढे एक कागद ठेवला. हॉलसाठी सत्तावीस छोट्या बंदुकांचा संपूर्ण संच, सत्तावीस झेंड्यांसकट, फुकट. वर अक्रोडाच्या लाकडाचं काचबंद कपाटही तोच बनवणार.

आमच्या मंडळींना ‘संपूर्ण संच’ हे दोन शब्द ऐकवणं म्हणजे मांजरापुढे मासा ठेवणं. इथे प्रत्येकाच्या तळघरात कसला ना कसला संच आहे. चाकू, बाटल्या, हरणांच्या शिकारीच्या हंगामाचे बिल्ले. बॉयड तर त्यातला मुकुटमणी. शिकारीच्या परवान्याचे पाठीवर लावायचे जुने क्रमांक त्याच्याकडे पहिल्या वर्षापासूनचे आहेत. एका सालचा मिळत नव्हता म्हणून त्याने सहा तास गाडी हाकली होती, आणि तीसुद्धा स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी.

“माझी एक अट आहे,” मर्ल म्हणाला. “प्रत्येक बंदूक आपल्या खोऱ्यातल्या माणसाची. सैन्यात असताना गेलेल्या. खाली पितळेच्या पट्टीवर त्याचं नाव.”

“मंजूर, मंजूर,” बॉयड म्हणाला. तो मनातल्या मनात कपाट कुठे ठेवायचं ते मोजत होता.

“हॉलमध्ये नाव लागलं की ते स्मरणदिनाला वाचायचं, हा एकोणीसशे एकवीसचा नियम आहे,” मी आठवण करून दिली.

“वाच की. तुझ्या घशाला तेवढाच व्यायाम.”

मग मर्ल कामाला लागला. युद्धांच्या काळातले झेंडे सोपे होते, त्यांना माणसं होती. पण एकोणिसाव्या शतकात मोठमोठे काळ शांततेचे. त्या झेंड्यांसाठी मर्ल दफनभूमीत थडग्यांचे दगड घासून नावं वाचत फिरला, न्यायालयातली जुनी दप्तरं चाळली. आणि त्याने माणसं आणली. चोवीस ताऱ्यांचा जेकब ऑल्टमन, कवायतीच्या मैदानावर खेचराने लाथ मारून गेला. एकवीस ताऱ्यांचा ढोलकरी, नदी ओलांडताना बुडाला. सव्वीस ताऱ्यांच्या माणसाने शिबिरात कच्ची सफरचंदं खाल्ली होती. त्रेचाळीसचा न्यूमोनियाने गेला. प्रत्येक वेळी नाव समितीपुढे यायचं आणि बॉयड म्हणायचा, “तारीख बसते ना? मग लाव.” लढाई झाली होती का, हे कोणी विचारलं नाही. कप्पे भरत होते ना!

अशा सोळा जणांचं आता घरचं कोणी उरलेलं नव्हतं. म्हणून स्मरणदिनाला मी ऑल्टमन म्हटलं की मर्ल उठायचा. गुडघ्यांतून कडकड आवाज यायचा. बसतो न बसतो तोच पुढचं नाव. सोळा वेळा उठायचा नि बसायचा. “अरे, उभाच राहा ना एकदाचा,” बॉयड कुजबुजला. “तसं कसं,” मर्ल म्हणाला, “प्रत्येकाचं वेगळं उठायला हवं.”

पाच वर्षांत सव्वीस कप्पे भरले. अठ्ठेचाळीस आणि पन्नासच्या मध्ये एक कप्पा रिकामा राहिला. कपाटातला दिवा नेमका त्याच्या निळ्या मखमलीवर पडायचा.

एकोणपन्नास ताऱ्यांचा झेंडा एकच वर्ष होता. जुलै एकोणसाठ ते जुलै साठ. अलास्का आलं, आणि वर्षभरात पन्नासावा तारा लागला.

“माणूस नाही,” मर्ल म्हणाला.

“नुसता झेंडा रंगव आणि ठेव.”

“बिनमाणसाची बंदूक मी बनवत नाही.”

“मग सत्तेचाळीसचा कुठे आहे? तोही नाहीच की कपाटात!”

“सत्तेचाळीसचा झेंडा कधी झालाच नाही. दोन राज्यं एकदम आली. एकोणपन्नासचा झाला होता.” मर्ल कॉफी ढवळत राहिला.

दोन वर्षं तो कप्पा तसाच. शेजारच्या खोऱ्यातले लोक बिंगोला यायचे, कपाटापुढे उभे राहायचे आणि बॉयडला विचारायचे, “काय रे, एक दात पडला वाटतं?” बॉयडची झोप उडाली. शेवटी त्या हिवाळ्यात तो स्वतःच वाचनालयात जाऊन बसला. साठ सालच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे एकेक पान उलटत. आठवडाभर.

फेब्रुवारीच्या बैठकीला बॉयड उशिरा आला. कान लाल. हातात झेरॉक्सचा कागद.

“कोणी हसायचं नाही,” तो म्हणाला आणि कागद टेबलावर ठेवला.

मी तो वाचला. रसेल योदर्स, वय वीस, जर्मनी, ट्रकचा अपघात, जानेवारी एकोणीसशे साठ.

 ही तारीख पेनने लिहिलेली अकरा वेळा माझ्या हातात आली होती. मी प्रत्येक अर्जावर शिक्का मारला होता, क्रमांक घातला होता, फाइलला लावला होता. वाचला एकदाही नव्हता. ती एक बाई वर्षानुवर्षं मला सांगत होती आणि मी शिक्के मारत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

“पण बॉयड,” मर्ल अगदी गरीब आवाजात म्हणाला, “युद्ध कुठे होतं तेव्हा?”

“ऑल्टमनला खेचराने मारलं!” बॉयड ओरडला. “खेचराने! आणि त्या दुसऱ्याने सफरचंदं खाल्ली! त्यांची नावं आपण टोपी काढून ऐकतो आणि हा पोरगा गणवेशात, कामावर असताना गेला, तो चालत नाही? कसला नियम आहे हा?”

“तुझाच आहे,” मी म्हटलं.

बॉयड खुर्चीत बसला. कपाळ चोळलं. “माहितेय,” तो म्हणाला. “वाचनालयात बसून तीन दिवस तोच विचार करतोय.” मग सगळ्यांचे हात वर झाले. माझा सगळ्यात आधी.

बैठक संपल्यावर मी मर्लला वाहनतळावर गाठलं.

“तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.”

“अर्ज मी वाचले होते,” तो म्हणाला. “तू फाइल उघडी टाकून मासे तळायला जायचीस.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? सात वर्षं घालवलीस, मर्ल! ती ब्याऐंशीची झाली. मध्येच काही झालं असतं तर?”

त्याने गाडीची किल्ली परत खिशात टाकली. “त्याची भीती मला रोज होती. पण गंजलेला बोल्ट हातोडीने ठोकला तर तुटतो, ट्रूडी. तेल घालून थांबावं लागतं. मी बोललो असतो तर बॉयड बारावा नकार देऊन मोकळा झाला असता. त्याला ते स्वतःलाच सापडायला हवं होतं.” आणि मग म्हणाला, “बंदूक मात्र जेराल्डीनने हो म्हटल्याशिवाय बनणार नाही. तिला विचारायला मी जाणार नाही. तुम्ही दोघांनी जायचं.”

आम्ही गेलो. बॉयडने टाय लावला होता. जेराल्डीनने दार उघडलं, आत बसवलं, अक्रोडाचा गोड रोल कापून पुढे ठेवला आणि बॉयडचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमच्या कपाटात भोक आहे,” ती म्हणाली, “आणि माझा भाऊ त्यात बसतो.”

बॉयड रोलकडे बघत राहिला.

“मी बहीण म्हणून अकरा वेळा आले तेव्हा तुम्हाला तो नको होता. आता एका ताऱ्यासाठी हवा झाला.”

“हो,” मी म्हटलं. “असंच आहे, जेराल्डीन. आमचं चुकलं. मी तुमचा एकही अर्ज वाचला नाही.”

 तिने उठून खणातून एक कोरा कागद काढला. “मग आता तुम्ही अर्ज करा,” ती म्हणाली. “मला. पेनने. आणि ट्रूडी, अक्षर नीट काढ.”

तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात, मी तो लिहिला. आपल्या भावाचं नाव आमच्या यादीत घेण्याची आम्ही विनंती करतो. बॉयडने सही केली, मी केली. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, “विचार करून कळवते.” दोन आठवडे आम्हाला टांगून ठेवलं. बरोबरच केलं. मग एका सकाळी तो अर्ज हॉलच्या पेटीत आला. खाली लिहिलं होतं, मंजूर. सोबत रसेलचा एक फोटो होता, ट्रकला टेकून उभा, खांद्यावर रायफल.

मर्लने फोटो पाहून रायफल बनवली. पट्ट्याचं बक्कलसुद्धा तसंच. तारे काढायचे होते त्या दिवशी त्याने जेराल्डीनला बोलावलं. ज्या दारापुढे मी भिजले होते, ते तिच्यासाठी उघडलं. तो सुई ओढत राज्यांची नावं घेत होता आणि ती समोर बसून ऐकत होती. सातच्या सात रांगा. शेवटी त्याने सुई खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. “अलास्का,” ती म्हणाली, आणि मग त्याने तो तारा काढला.

स्मरणदिनाला कडक ऊन पडलं होतं. मेपलखाली खुर्च्या, लिंबूपाणी, हॅमचे सँडविच. मी नावं वाचत गेले. लोक उठत गेले. मर्ल सोळा वेळा उठला आणि बसला. मी शेवटच्या ओळीवर आले. फाइल दोन्ही हातांनी धरली.

“रसेल योदर्स.”

तिसऱ्या रांगेत जेराल्डीन वॉकर धरून उभी राहिली. तिला वेळ लागला. सगळे थांबले. ती उभी राहिली की मी फाइल मिटायची, असा रिवाज आहे. मी मिटली.

“ट्रूडी,” ती म्हणाली, “असं नाही.”

 बॉयडने टोपी छातीशी घट्ट धरली.

“तू कागदावरचं वाचल्यासारखं वाचतेस,” ती म्हणाली. “आमची आई हाक मारून जेवायला बोलवायची त्याला. तो पार त्या टेकडीवर असायचा. आवाज तिथवर जायला हवा.”

मी फाइल खुर्चीवर ठेवली. तेवीस वर्षांत त्या मेपलखाली कोणी आवाज चढवला नव्हता. मी टेकडीकडे तोंड केलं, छातीभर श्वास घेतला आणि जिवाच्या आकांताने हाक मारली.

“रसेल!”

जेराल्डीनने टेकडीकडे बघत थोडा वेळ वाट पाहिली. मग मान हलवली आणि खाली बसली.